जहाँआरा वहिनी हाताशी बोलतात

जुन्नरच्या पेठेत जहाँआरा वहिनींचं बांगड्यांचं दुकान आहे. तिथं शिरणाऱ्या बाईला वाटतं, आपण बांगड्या भरायला आलोय. खरं तर ती मुलाखत द्यायला आलेली असते.

"गाव कुठलं? आळे? मग फाट्याकडं वळताना ते गुलाबी घर दिसतं, ते कुणाचं गं?"

बाई गुलाबी घराची भावकी उलगडायला घेते. धाकट्या दिरापर्यंत येते तोवर खाली बघते, तर डझनभर बांगड्या मनगटात! हाड दुखलं नाही, काच वाढवली नाही. (काच 'फुटली' असं वहिनींच्या दुकानात कुणी म्हणत नाही. म्हणणारीला आधी चहा मिळतो आणि मग बोलणी.)

"हात भ्याला की दगड होतो," वहिनी सांगतात. "दगडात बांगडी जाईल व्हय? त्याला गप्पांत घालायचा. उत्तर द्यायला तोंड उघडलं की मूठ आपोआप सुटते."

एवढी विद्या असलेल्या बाईचा स्वतःचा हात मात्र ऐन वेळेला दगड व्हायचा. कारण कॅरम.

दुकानामागच्या खोलीत बोर्ड आहे. लग्नानंतर गफूरभाईंनी हौसेनं आणला, बायकोला शिकवला आणि महिन्याभरात तिच्याकडून असे हरले, की तेव्हापासून पाठदुखीचं कारण सांगून फक्त पावडर टाकतात. वहिनींचा नेम असा, की सोंगटी स्वतःहून भोकात जाते असं वाटावं. पण जिल्ह्याच्या स्पर्धेत दरवर्षी एकच गोष्ट घडायची. अंतिम सामन्यापर्यंत वहिनी वाऱ्यासारख्या जायच्या, आणि तिथं हात आखडला की संपलं. घरात उपविजेतेपदाच्या ढाली साठल्या. एक तर दुकानाच्या दाराला अडसर म्हणून लावतात.

"वहिनी, यंदाबी दुसऱ्याच येणार का?" बोरीहून आलेली एक बाई म्हणाली. "रेशनकार्डावरच लिहून घ्या की तसं."

वहिनी हसल्या, पण ते लागलं. पहिली येणारी राज्य स्पर्धेला जाते. जिल्ह्याच्या नावाचा टी-शर्ट घालून एकदा तिथं बसायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

यंदा गफूरभाईंनी मनावर घेतलं. मोबाइलवर एक साहेब सापडले, ते सांगत होते: डोळे मिटा, विजयाचं चित्र बघा. वहिनींनी डोळे मिटले. बराच वेळ झाला, म्हणून गफूरभाईंनी कौतुकानं विचारलं, "दिसलं का?" उत्तर म्हणून घोरणं आलं. दुपारचं जेवण जरा जड झालं होतं.

तेव्हा उपायाची जबाबदारी शेजारच्या गोरखनं घेतली. गोरखचं मंडप आणि स्पीकरचं दुकान. यात्रेच्या दिवसांत तो बैलगाडा शर्यतीच्या घाटात, त्या चढाच्या धावपट्टीशी, माईकवर 'भिर्रर्र' करत असतो. त्याच्या आवाजावर बैल पळतात की आवाजापासून, यावर दोन तालुक्यांत मतभेद आहेत.

"वहिनी, भीती म्हंजे काय, गोंगाटाची सवय न्हाई," तो म्हणाला. "घाटातला बैल बघा. हजार माणूस वरडतंय, हलगी वाजतीय, पण त्याला फक्त वरचा झेंडा दिसतो. मी तुमाला घाटातला बैल करतो!"

"गोरखभाऊ, निदान गाय तरी म्हणा."

रोज दुपारी गिऱ्हाईक कमी झालं, की मागच्या खोलीत स्पीकर लागायचा. "सावधान! जहाँआरा वहिनींनी डाव्या कोपऱ्यावर नेम धरलाय! सोंगटी जातीय का? मला तर नाय वाटत! गफूरभाईंचं तोंड बघा, त्यांनाबी नाय वाटत! उचल की टाक! भिर्रर्र..." बांगड्या भरायला आलेल्या बायाही आत येऊन टोमणे मारायच्या. पहिल्या दिवशी वहिनींचे नेम चुकले. पुढं पुढं कानाशी माईक धरला तरी स्ट्रायकर हलेना. गोरखनं जाहीर केलं, "तयारी पक्की!"

अंतिम सामना मंचरला होता, समोर अवसरी खुर्दची श्रेया, इंजिनिअरिंगला शिकणारी, चेहरा थंड ताकासारखा. पंचांनी पहिली सूचना दिली: "प्रेक्षकांनी संपूर्ण शांतता पाळावी. मोबाइल बंद."

गोरखचं तोंड उघडंच राहिलं. वर्षानुवर्षं उपविजेतीच्या ढाली आणणाऱ्या बाईलाही आठवलं नव्हतं, की अंतिम सामन्यात कुणी ओरडत नाही. पहिल्या फेऱ्यांत एकाच हॉलमध्ये दहा बोर्ड खडखडत असतात. शेवटी मात्र एकच बोर्ड उरतो, आणि सगळा हॉल श्वास धरून बसतो. एवढे दिवस गोंगाटाशी झुंजण्याची तयारी झाली होती, आणि समोर उभी ठाकली शांतता. त्या शांततेत वहिनींना स्वतःचं काळीज ऐकू येऊ लागलं. पहिला डाव गेला.

मधल्या सुट्टीत गोरख कोपऱ्यात उभा. "चुकलं राव वहिनी. मी तुमाला उलट्या घाटात पळवलं."

गफूरभाईंनी चहाचा कप पुढं केला. वहिनींनी तो घ्यायला हात पुढं केला आणि थबकल्या. बोटं आखडलेली, अंगठा तळव्यात दडलेला. असला हात त्यांनी हजारदा पाहिला होता: लग्नाच्या आदल्या दिवशी चुडा भरायला आलेल्या पोरीचा.

"अहो," त्या गफूरभाईंना म्हणाल्या, "हे गिऱ्हाईक तर आपल्याच दुकानातलं आहे!"

दुसऱ्या डावाला बसल्या आणि स्ट्रायकर ठेवता ठेवता पुटपुटल्या, "काय गं, माहेर कुठलं?"

पंच वाकले. "बाई, बोलायचं नाही."

"साहेब, मी हाताशी बोलतेय."

पंचांनी नियम आठवून पाहिला. हाताबद्दल त्यात काही नव्हतं. "मग मनातल्या मनात बोला."

वहिनी मनातल्या मनात बोलू लागल्या. सासू कशी आहे? पोरं किती? नवरा काय करतो? (पावडर टाकतो.) हात हसला असावा, कारण मूठ सुटली. दुसरा डाव वहिनींचा.

तिसऱ्या डावात दोघी बरोबरीनं चढत गेल्या. शेवटच्या बोर्डावर वहिनींची एक सोंगटी उरली, श्रेयाची एक आणि मधे राणी. राणी आणि पाठोपाठ सोंगटी घेतली तर जिंकल्या. चुकल्या तर राणीपाठोपाठ टाकायला श्रेयाची सोंगटी भोकाच्या तोंडाशीच होती. हात पुन्हा आखडायला लागला. गोरखनं स्वतःच्या तोंडावर टोपी दाबून धरली.

'बरं मला एक सांग,' वहिनींनी हाताला विचारलं, 'ते फाट्याजवळचं गुलाबी घर कुणाचं गं?'

हात सांगायला लागला, तेवढ्यात स्ट्रायकर सुटला. राणी गेली. हात भावकीपर्यंत पोचला होता, तोवर सोंगटीही गेली.

"भिर्रर्र... झाली! झाली!" टोपी उडाली, गोरख सुटला. माईकची गरजच नव्हती. बाहेरचा रिक्षावाला आत डोकावून विचारू लागला, कुणाचा गाडा आला? "जुन्नरच्या वहिनींचा!" गफूरभाईंनी उरलेली पावडर स्वतःच्या डोक्यावर उधळली. पाठ अजिबात दुखत नव्हती. पंचांनी शांततेची खूण करायला हात वर केला आणि मग त्याच हातानं दुसऱ्यावर टाळी वाजवली.

श्रेयानं हस्तांदोलनाला हात पुढं केला. डोळ्यांत पाणी होतं. वहिनींनी तो हात धरला तो सोडेचनात. अंगठ्याखालचं हाड दाबून बघितलं.

"दोन-चारच्या मापाचा हात आहे तुझा. पण किती आखडलाय गं! जुन्नरला ये, हिरव्या भरते," वहिनी म्हणाल्या. "आणि तुमच्या अवसरीत ते कॉलेजजवळचं नवं घर कुणाचं?"

श्रेया सांगायला लागली, आणि तिची मूठ सुटली.

नवी ढाल दाराला लावायची नाही, असं वहिनींनी गफूरभाईंना बजावलंय.