मोठ्या छपाईची प्रत

माझी वहिनी वाद्यवृंदात सव्वीस वर्षं व्हायोलिन वाजवत होती, आणि त्यातली शेवटची दीड वर्षं तिला समोरचं पान दिसत नव्हतं. हे फक्त मला माहीत होतं. दादाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, माझ्या सख्ख्या भावालाही नाही.

आधी वहिनी कशी आहे ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बिचारी कोणीतरी. बिचारी कसली! लग्न होऊन आली तेव्हा मी तेरा वर्षांची. आठवड्याभरात तिने आपलं जुनं व्हायोलिन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "वन्सं, माझ्याशी भांडायला तुम्हाला आयुष्य पडलंय, आधी खांदा सरळ करा." टोमणा मारायचा असला की मी वन्सं, एरवी मी 'तू'. रोज संध्याकाळी शिकवायची. मी रडायला लागले की खोलीबाहेर जायची, रडून झालं की परत यायची. तिच्यामुळेच मी वाद्यवृंदात लागले आणि नऊ वर्षं तिच्याच शेजारी बसले. दोघींत एक स्टँड, एक पान. बाहेरच्या खुर्चीत ती, आतल्या खुर्चीत मी. पान उलटायचं काम आतलीचं. तालमीला सगळे तिला मास्तरीण म्हणायचे, कारण चुकीचा सूर आला की तो कोणाचा हे ती मान न वळवता सांगायची.

डोळ्यांचं डॉक्टरांनी तिला सरळ सांगितलं. मधलं जाणार, कडेचं राहील. म्हणजे चालता येईल, भाजी चिरता येईल, हात हलवणारे संचालक दिसतील, पण जिथे बघावं नेमका तिथेच डाग. दवाखान्याच्या जिन्यात ती मला म्हणाली, "कोणाला सांगितलंस तर बघ." मग जरा वेळाने, "मला दुसरं काही येत नाही गं."

उपाय तिनेच काढला. इंटरनेटवर स्वरलिपींचं एक वाचनालय आहे. कुठकुठल्या लोकांनी जुन्या छापील प्रती स्कॅन करून तिथे ठेवल्यात, फुकट. रचनेचं नाव टाकलं की यादी येते: पूर्ण प्रत, एकेका वाद्याचा भाग, वेगवेगळ्या छापखान्यांच्या आवृत्त्या. हंगामाचा कार्यक्रम फळ्यावर लागला की मी त्यातल्या रचना तिथून उतरवून घ्यायचे. वाद्यवृंदाचे कागद हातात पडायला दीड महिना असायचा, आणि वहिनीला तो दीड महिनाच हवा असायचा. मी दादा-वहिनीच्याच वरच्या मजल्यावर राहते. माझ्या खोलीत टीव्हीला लॅपटॉप जोडायचा, पान इतकं मोठं करायचं की पडद्यावर एकच ओळ मावेल, आणि वहिनी पडद्यापासून वीतभर अंतरावर मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने ती ओळ वाचायची. एक ओळ, मग व्हायोलिन, मग पुढची ओळ. दुपारच्या दुपारी. कधी स्कॅनमध्ये कोणा अनोळखी वादकाची पेन्सिलची खूण आलेली असायची, की ही त्याच्याशी भांडायला बसायची. "इथे गज वर? वेडा आहे का हा? हात मोडेल की!"

असे तीन कार्यक्रम पार पडले. तालमीत ती पानाकडे बघतेय असं दाखवायची, मी पान उलटायचे, कोणाला पत्ता नाही. मला तर मजा वाटायला लागली होती, खोटं कशाला बोलू!

चौथ्या कार्यक्रमातली मुख्य रचना वाचनालयात दोन फायलींत होती. एक बारीक, फिकट, कडांना काळे डाग पडलेली. दुसरी ठसठशीत मोठ्या छपाईची. वहिनीला बरी पडेल म्हणून मी पटकन दुसरी घेतली. तिच्या खाली करड्या अक्षरांत एक ओळ होती: ही पहिली आवृत्ती, रचनाकाराने पुढे यात बदल केले. ती मी वाचली नाही. दोन्ही डोळे धड असून वाचली नाही.

वहिनीने दीड महिना खपून ती प्रत पाठ केली. एरवी वाद्यवृंदाचे कागद मिळाले की मी ते घरी आणून ओळीला ओळ ताडून बघायचे. या वेळी ते पहिल्या तालमीच्या सकाळीच वाटले. खुर्च्या लागत होत्या, सूर जुळवणं चाललं होतं. वहिनी म्हणाली, "चाळून तरी बघ." मी म्हटलं, "अगं, तीच रचना आहे, काय बदलणार?"

बदललं होतं. शेवटच्या भागात सगळा वाद्यवृंद अचानक थांबतो आणि चांगली पाच-सहा सेकंद शांतता असते. आमच्या प्रतीत तिथे शांतता नव्हतीच. तिथे आमची व्हायोलिनं सगळ्या ताकदीने उठत होती. साठ माणसं थांबली आणि वहिनी एकटी, पूर्ण गज ओढत, वाजवत राहिली. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"काय मास्तरीणबाई, झोप झाली नाही वाटतं," संचालकही हसत म्हणाले. "पुन्हा घेऊ."

"तिथे थांबायचंय," मी कुजबुजले. ती थांबली. पण त्याच्या पुढचंही सगळं वेगळं होतं, आणि ते मी कुजबुजून कसं सांगणार? ती पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा चुकली. आता कोणी हसेना. संचालक खाली उतरून आमच्या स्टँडपाशी आले, पानावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "बाई, इथे काय आहे, वाचा बरं."

वहिनीने सवयीने मान तिरकी केली. मग सरळ केली.

"मला दिसत नाही," ती म्हणाली. "दीड वर्ष झालं. पाठ करून वाजवते. या वेळी चुकीची प्रत पाठ झाली."

संचालकांनी पानावरचं बोट उचललं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू शेजारी बसतेस. तुला माहीत होतं?"

त्या क्षणी मला काय काय सुचलं ते सांगते. नोकरी जाईल हे सुचलं. फसवणुकीत सामील म्हणतील हे सुचलं. वहिनीचं तर आता गेलंच, हेही सुचलं, आणि याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

"नाही," मी म्हणाले.

"तिला कसं कळणार?" वहिनी म्हणाली. "ती पान बघत असते." आणि व्हायोलिन पेटीत ठेवायला लागली. पेटीची कडी तिला सापडेना. मी हात पुढे केला नाही. मला काही माहीतच नव्हतं ना!

संध्याकाळी दादा भडकला. आधी तिच्यावर, मग माझ्यावर. "रोज तिच्या खांद्याला खांदा लावून बसतेस, दुपारी तुझ्याच खोलीत असते ती, आणि तुला कळलं नाही? डोळे आहेत की बटणं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी म्हणाली, "तिला बोलू नकोस. मी लपवायचं म्हटलं की नीट लपवते." दादा मटकन खाली बसला आणि रडायला लागला. मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवून संचालकांकडे गेले. 'सर, काल मी खोटं बोलले,' हे वाक्य वाटेत दहादा म्हणून बघितलं होतं. पण त्यांनीच आधी सुरुवात केली.

"बरं झालं आलीस. तुझी वहिनी आत्ताच येऊन गेली. राजीनामा दिलाय. म्हणाली, बाहेरची खुर्ची हिला द्या. तुझा यात काही संबंध नव्हता हेही लिहून दिलंय." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मोठाली अक्षरं, एकमेकांवर चढलेली, शेवटची ओळ कागदावरून खाली टेबलावर गेलेली. "मला चालेल. बसशील?"

खरं सांगितलं तर वहिनी खोटी ठरेल, अशी मी माझी समजूत घातली. किती सोपं असतं ते!

"बसेन," मी म्हणाले. "थँक्यू सर."

बाहेर आले तर वहिनी फाटकापाशी उभी. माझ्या पावलांवरून तिने मला ओळखलं.

"काही मूर्खासारखं बोलून नाही ना आलीस?"

"नाही."

"शहाणी आहेस," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडायला माझा हात धरला. त्यापेक्षा तिने एक कानफटात दिली असती तर बरं झालं असतं.