आई पुन्हा कोयते मांडते

माझी आई आठवडे बाजारात कोयते विकते. कॉलेजात हे सांगितलं की पोरं हसायची. मी तरी सांगायचो. वडील घरी भट्टीवर ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचं लोखंड तापवून कोयते, विळे, खुरपी घडवतात. आई समोर उभी राहून घण मारते आणि बाजाराच्या दिवशी माल घेऊन विकायला तीच जाते, कारण वडलांना भाव करता येत नाही. गिऱ्हाइकानं नुसतं तोंड वाकडं केलं तरी हे किंमत उतरवतात. या कोयत्यांवर मी बी.कॉम. झालो. आमच्या भावकीत माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. आता नगरजवळ नागापूरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करतो, भाड्याच्या खोलीत राहतो. यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही.

आमचा भाग जिल्ह्याच्या पूर्वेचा, कोरडा. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला निघतं, कुणी कोपरगावकडं, कुणी आणखी लांब. त्याच्या आधीचे बाजार म्हणजे आमचा हंगाम. टोळ्याच्या टोळ्या येतात, कोयता हातात तोलून बघतात, पात्यावर टिचकी मारतात, पाणी नीट बसलंय का, धार टिकेल का, म्हणून आईला चार वेळा विचारतात.

आमच्याकडं भांडणं होत नाहीत असं नाही. बांधावरून होतात, निवडणुकीत होतात, लग्नात मानपानावरून होतात. पण त्यात माणसं एकमेकांना ओळखत असतात. शिवीसुद्धा नात्यातली देतात. बाजारात तर भावावरून घसा कोरडा करून शेवटी हसत उठतात. म्हणून त्या दिवशी जे झालं ते कुणाच्या डोक्यात शिरायलाच वेळ लागला.

माझी सुट्टी बाजाराच्या दिवशीच असते, म्हणून मी आलो होतो. माल मांडून झाला, आई म्हणाली, च्या पिऊन ये. मी चहाच्या गाड्यावर उभा होतो तेवढ्यात ओळीतली माणसं उठून पळायला लागली. कुणीतरी ओरडलं, "बैल सुटला! बैल!" आमच्या बाजारात बैल सुटणं नवं नाही. दोन म्हाताऱ्या हसत हसत टोपल्या उचलत होत्या. मीही ग्लास ठेवून बैल धरायला म्हणून उलट्या दिशेनं, माणसं पळत होती त्यांच्या समोरून गेलो.

बैल नव्हता. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस कोयता घेऊन समोर येईल त्याच्यावर वार करत होता. आईच्या समोर बसणारे शेंगदाणेवाले काका आडवे पडले होते. पलीकडं एक बाई आपला हात दुसऱ्या हातात धरून बसली होती, ओरडतही नव्हती. शेवटी घोंगड्या विकणाऱ्यानं मागून त्याच्या डोक्यावर घोंगडी टाकली आणि पाच-सहा जण त्याच्यावर पडले. मी त्यांच्यात होतो. घोंगडीखाली तो माणूस हलत होता ते मला अजून तळहातांना जाणवतं.

काका दवाखान्यात पोचेपर्यंत गेले. तो माणूस कुठून आला, त्यानं असं का केलं, यावर गावात दहा कहाण्या झाल्या. खरी कुठली ते मला आजही माहीत नाही.

मी आईकडं वळलो तेव्हा ती जागेवरच होती. सगळा माल पोत्यानं झाकून त्यावर दोन्ही हात ठेवून बसलेली. मला बघून एवढंच म्हणाली, "आपलाच कोयता हाय त्यो."

त्यानं तो तिच्याकडूनच विकत घेतला होता. रीतसर. तोलून बघितला, भाव केला, पैसे दिले. आईनं धारेला कागद गुंडाळून दिला होता.

पोलीस ठाण्यात जबाब झाला. आईला लिहिता येत नाही, म्हणून मी म्हणालो, पूर्ण वाचून दाखवा, मग अंगठा. वाचताना आलं, 'हत्यारं विकण्याचा व्यवसाय'. मी थांबवलं. म्हणालो, शेतीची अवजारं लिहा. हवालदारानं माझ्याकडं बघितलं, पण खोडून लिहिलं. शिकल्याचा एवढा तरी उपयोग व्हायला पाहिजे. मग त्यानं आईला सहज विचारलं, "मावशी, कशाला पाहिजे असं विचारलं नाही का तुम्ही त्याला?"

बास. ते वाक्य आईच्या डोक्यात बसलं ते निघेना.

"इचारायला पायजे हुतं का रं?" भाकरी थापताना विचारायची. फोनवर विचारायची.

"आई, कोयता घेणाऱ्याला कुणी विचारतं का? आणि विचारलं असतं तरी त्यानं खरं सांगितलं असतं का?"

"त्ये न्हाई. पर इचारलं असतं तर?"

तिचं असं आणि माझं वेगळंच. नागापूरला परत आलो तर मला माणसांचे हातच दिसायला लागले. एसटीत दाराजवळ उभा राहायचो. समोरच्यानं पिशवीत हात घातला की माझे खांदे ताठ. कॅन्टीनमध्ये एकदा ताट पडलं तर मी खुर्ची पाडून उभा राहिलो. शेजारचा म्हणाला, "काय रे, बिबट्या शिरला का?" सगळी हसली. मीही हसलो, आणि डबा तसाच बंद करून गोडाऊनमध्ये येरझाऱ्या घालत राहिलो. दिवसातून किती वेळा घरी फोन करायचो त्याला गणती नाही. आई वैतागून म्हणायची, "जित्ती हाय. ठीव."

दोन आठवडे बाजार बंद राहिला. वडलांची भट्टी तरी रोज पेटत होती. आई घण मारायची, तोंड फिरवून. कोयत्यांचा ढीग वाढत गेला. बाजार उघडणार असं कळलं त्या दिवशी मी रजा टाकून गावी गेलो आणि सरळ बोललो.

"आता बस झालं. माझा पगार आहे. तुम्ही दोघं माझ्याकडं चला."

"आन् तिथं काय करू? तुज्या खोलीत पंखा बघत पडू?"

"मग विळे-खुरपी वीक. कोयते नको. ठेकेदार पण तेच म्हणतोय."

बाजाराची पट्टी गोळा करणारा ठेकेदार आदल्या दिवशी घरी येऊन गेला होता. चांगला माणूस. म्हणाला होता, "मावशी, लोक अजून घाबरल्यात. एवढा हंगाम कोयता मांडू नका." मला मनातून ते पटलं होतं. मला तर ती जागाच सुटलेली हवी होती.

वडील भट्टीजवळून एकच वाक्य बोलले, "माल तयार हाय." आई उठली आणि पोत्यात कोयते भरायला लागली. भरलेले दोन कोयते तिनं बाहेर काढले, पुन्हा आत घातले. तेव्हा मला कळलं की तिलाही जायची भीती वाटतेय आणि ती तरीही जाणार आहे. मग सकाळी मीही सोबत निघालो.

बाजार भरला होता, पण निम्माच. शेंगदाण्याची जागा मोकळी होती. माणसं वळसा घालून जात होती. आईनं पोतं अंथरलं. मी घाईघाईनं कोयते मांडायला घेतले आणि मुठी आमच्या बाजूला केल्या. कुणी झडप घालून उचलायला नको.

आईनं एकेक कोयता उचलून परत फिरवला. "मूठ गिऱ्हाइकाकडं, धार आपल्याकडं. बाजारात आलेल्या मान्साला धार दावतूस व्हय?"

"आई, आज तरी..."

"आजच."

ठेकेदार आला. कोयते बघून डोक्याला हात लावला. "मावशी, मी काय बोललो होतो?"

"आरं बाबा, दसऱ्याच्या तोंडावर ऊसतोडीवाल्यांच्या बाजारात कोयता न्हाई तर काय इकू, बत्तासे?"

"उद्या काही झालं तर मला विचारतील."

"मलाबी इचारत्यात," आई म्हणाली. त्यानं पट्टीची पावती फाडून पोत्यावर ठेवली आणि तो गेला.

बराच वेळ कुणी आलं नाही. लोक लांबून बघायचे आणि तव्यांच्या दुकानाकडं वळायचे. मी मागं उभा राहून प्रत्येक येणारा पुरुष वरपासून खालपर्यंत न्याहाळत होतो. मग एक उंच, दणकट बाई आली, कडेला लेकरू, मागं तिची जाऊ. वाकली, एक कोयता उचलला आणि हवेत तोलला. मी एक पाऊल पुढं आलो.

"कितीला, मावशे?"

आईनं भाव सांगितला नाही. तिनं विचारलं, "कशाला पायजे?"

बाईनं कोयता खाली केला. आईकडं बघितलं, मग जावेकडं. "ऐकलंस का? कोयता कशाला पायजे म्हनं! आगं मावशे, ऊस तोडायला. आन् दुसरं काय, नवऱ्याची दाढी करायला?"

जाऊ म्हणाली, "करशील बी. त्येची वाढली हाय लई."

तवेवाला हसला. घोंगडीवाला हसला. लसणाच्या पाटीवरची म्हातारी तोंडाला पदर लावून हसायला लागली. त्या दिवसानंतर त्या ओळीत पहिल्यांदाच कुणी हसत होतं. आई मात्र हसली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. ती बाई गोंधळली. लेकरू खाली ठेवून आईसमोर उकिडवी बसली, आणि मग तिच्या ध्यानात आलं असावं.

"तुमच्याकडूनच घेतला हुता का त्येनं?"

आईनं मान हलवली.

"मंग आता काय," ती म्हणाली, "आमी हातानं ऊस उपटावा? इचारत जावा बाई, तुमाला बरं वाटत आसंल तर. आमी सांगत जाऊ." आणि लगेच आवाज बदलून, "पर भाव नीट लावा. टोळीला सात कोयतं लागत्यात."

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि भाव सांगितला. चढाच सांगितला. बाई ओरडली. आई त्याहून मोठ्यानं ओरडली. त्यानंतर गिऱ्हाईक लागलं. आई प्रत्येकाला विचारत होती, कशाला पायजे, आणि प्रत्येक जण काहीतरी सांगत होता. एका म्हाताऱ्यानं, "तुला काय करायचंय?" असं खेकसून विचारलं. त्याला आईनं कोयता दिला नाही. म्हातारा शिव्या देत गेला आणि थोड्या वेळानं परत येऊन म्हणाला, "शेळीला पाला तोडायला. झालं समाधान?"

मी मागंच उभा होतो. हात खिशात घालायचो, काढायचो, दोन पावलं पुढं, दोन मागं. एका पोरसवदा गिऱ्हाइकानं आईला हळूच विचारलं, "हे सायेब सिव्हिल ड्रेसवर हायेत का?"

आई माझ्याकडं वळली. "तू जा बरं नगरला. गिऱ्हाईक बिचकतंय तुला."

"मी थांबतो. संध्याकाळी माल कोण उचलणार?"

"आजवर कोन उचलत हुतं? जा म्हनते ना. तिथं उभा राहून माज्या मानंकडं बघतूस, मला हितं काम सुचंना."

उद्या सकाळी कामावर जायचंच आहे असं सांगून मी स्टँडवर आलो. गाडी लागलेलीच होती. चढल्या चढल्या फोन केला. बाजाराचा गलका ऐकू आला, त्यात आईचा आवाज, "गिऱ्हाईक हाय," आणि फोन बंद. गाडी निघाल्यावर पुन्हा केला. वाजला, उचलला नाही. गिऱ्हाईक असेल. मी स्वतःला तसं दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा फोन लावला. घाट लागला तशी रेंज गेली. कंडक्टर म्हणाला, "साहेब, मागं जागा आहे की, बसा ना." मी हो म्हणालो आणि दाराजवळचा दांडा धरून उभाच राहिलो.