आत्याबाईंची मिश्री

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मिश्री लावायला बसल्या की अर्धा तास बोलत नसत. निरवांगीच्या आमच्या घरामागं मेंढरं कोंडायच्या वाडग्याशेजारी एक दगड होता. त्यावर बसून भाजक्या तंबाखूची ती काळी पूड त्या दातांवर बोटानं घोळवत राहायच्या. तोंड भरलेलं, त्यामुळं घरचा कारभार डाव्या हातानं आणि डोळ्यांनी चालायचा. मी लबाड होते. ज्याला नकार मिळणार हे पक्कं ठाऊक असायचं, ते मी नेमकं तेव्हाच विचारायचे. "आत्याबाई, दोन दिवस माहेरी जाऊन येऊ?" त्या हात जोरजोरात हलवायच्या. मी "बरं, बरं" म्हणत पिशवी उचलायचे. चूळ भरून त्यांनी हाक मारेपर्यंत मी एसटीच्या थांब्यावर पोचलेली असायचे.

परत आले की म्हणायच्या, "आलीस व्हय? मला वाटलं, आता तितंच नांदतीस."

त्यांचा अर्धा जन्म मेंढरांमागं रानोमाळ गेला होता. पुढं ऊस आला, घर आलं, मेंढरं दहा-बाराच राहिली. पण एखादं कोकरू जन्मतःच निपचित पडलं, तर अजून सगळी वस्ती त्यांनाच बोलवायची. त्या बोटानं त्याचं नाक साफ करायच्या, नाकपुडीत फुंकर घालायच्या, बरगड्या चोळायच्या. ते हललं की त्याच्या आईकडं ढकलून म्हणायच्या, "घे गं, तुझं तू बघ. मला घरात एक हायच."

ते एक म्हणजे मी.

मी अंगणवाडीत होते. इंदापूरला तीन दिवसांच्या प्रथमोपचार शिबिरात गुंडाळलेल्या वाकळेची छाती दाबून आले आणि स्वतःला निम्मी डॉक्टरीण समजायला लागले. प्रमाणपत्राला काच बसवली, देवांच्या शेजारी टांगलं. मिश्रीनं तोंडाचा कॅन्सर झालेल्या एका बाईचं चित्र तिथं मिळालं होतं, ते आत्याबाईंच्या दगडासमोर भिंतीवर चिकटवलं. चार दिवस त्या रोज त्या चित्राकडं बघत मिश्री लावत होत्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "ह्या बाईचं तोंड मिशरीनं न्हाय असं झालं. सून शिकल्याली आसंल."

नव्वद सालानंतरचा एक उन्हाळा. दुपारी मेंढरांपुढं चारा टाकता टाकता आत्याबाई खाली कोसळल्या. श्वास नाही, नाडी नाही. प्रमाणपत्रवाली बाई काय करत होती? तोंडाला पदर लावून उभी होती. किती वेळ, देव जाणे. मग गुडघ्यावर बसले आणि दाबायला लागले. वाकळेला बरगड्या नव्हत्या. इथं तळहाताखाली काहीतरी कडकन मोडलं. आमचे हे धावत आले आणि ओरडले, "आगं, मारतीस का काय आईला!" मी थांबले नाही. घामानं माझ्या हातातल्या बांगड्या घसरत होत्या. बऱ्याच वेळानं आत्याबाईंनी घशातून खरखरीत श्वास ओढला.

शेजारच्या जीपमधून त्यांना बारामतीच्या एका दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी त्या बोलायला लागल्या.

"छाती कुणी कांडली माझी?"

"मी."

"वाटलंच. किती वर्साचं साठलं व्हतं न्हवं तुझं!"

हसल्या आणि कळवळल्या. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ती हकीकत सांगत होते. सकाळच्या सांगण्यात पाच मिनिटं दाबलेली छाती संध्याकाळच्या सांगण्यात अर्धा तास दाबलेली झाली होती.

त्याच संध्याकाळी त्या कुजबुजल्या, "मिशरी आन. तोंडाची पार माती झालीया." दवाखान्यात सक्त मनाई. पण मोडलेल्या बरगड्यांचं मला वाईट वाटत होतं. ते चित्र चिकटवणाऱ्या मीच पोलक्यात लपवून डबी आणली. नर्सची पाठ वळली की त्या बोट फिरवायच्या आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात थुंकायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी फडक्यावरचा डाग मला लालसर वाटला.

"आत्याबाई, हे काय?"

"मिशरी हाय. घडी कर, पिशवीत टाक. नर्सबाईनं बघितलं तर दोघींस्नी भाईर काढंल."

मी घडी केली. तेवढ्यात डॉक्टर आले. "खोकल्यातून काही पडतंय? रक्त वगैरे?" मी शिबिर केलेलं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यांनी मलाच विचारलं. पिशवी माझ्या पायाशी होती.

"नाही डॉक्टर," मी शहाण्यासारखं म्हटलं. "थुंकी अगदी स्वच्छ आहे."

आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांना ठाऊक होतं का? अजून मला सांगता येत नाही.

दुपारी जेवणाच्या वेळी खोकल्याची ढास लागली आणि तोंडातून फेसाळ, लालभडक रक्त आलं. मिश्री अशी नसते. श्वास पुरेना. पुण्याला हलवायचं ठरलं, हे गाडी बघायला धावले. आत्याबाईंनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून मला विचारलं, "मेंढरास्नी पानी दावलं का?" मी व्हय म्हटलं. मला काही माहीत नव्हतं. गाडी यायच्या आत त्या गेल्या.

डॉक्टर हात धुता धुता सांगत होते. छाती दाबताना फुप्फुसाला मार लागला असणार, कधी कधी लागतो. दाबली नसती तर बाई तेव्हाच गेल्या असत्या. पण हृदयासाठी रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू होतं, त्यानं रक्तस्राव वाढला. "सकाळी कळलं असतं तर ते थांबवलं असतं. वाचल्या असत्या का, ते नाही सांगू शकत." ऐकायला मी एकटीच होते.

दहाव्याला बायका बोलल्याच, "सुनंनं छाती फोडली म्हातारीची." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. न केलेल्या पापाचा बोल सोसायला सोपा होता, त्याच्याआड केलेलं झाकलं जात होतं. आमचे हे मात्र भडकले. "तिनं दाबली नसती तर आई वाडग्यातच गेली आसती! तीन दिस दिलं तिनं आमाला!"

पुढं वीस-पंचवीस वर्षं ते हेच सांगत आले. भावकीत, पाव्हण्यांत, नातवंडांना मांडीवर घेऊन. हळूहळू सगळ्यांना पटलंही. गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. भेटायला आलेल्या कुणालातरी तुटक्या आवाजात सांगत होते, "हिनं माझ्या आईला माघारी आनलं व्हतं..."

त्यांना तहान नव्हती. तरी मी चमच्यानं पाणी पाजत राहिले, ते गप्प बसावेत म्हणून.