आईची ओटी जंगलातल्या देवीला

माझ्या चुलतभावाने माझ्या आईला फसवलं. अभयारण्यासाठी आमचं गाव डोंगरावरून उठवून आष्ट्याजवळच्या वसाहतीत आणलं, पण देवी तिथेच जंगलात राहिली. वर्षातून एकदा वनखात्याच्या परवानगीने मोजकी माणसं पायी तिच्या दर्शनाला जातात. यादी करायचं काम चुलतभावाकडे होतं. त्याने आईचं नाव खोडून एका ठेकेदाराचं घातलं. आईला हे कळलं ते निघायच्या सकाळी, जंगलापर्यंत नेणाऱ्या गाडीपाशी. तिने खणानारळाची पिशवी माझ्या हाती दिली. "माझं ऱ्हाऊ दे, पर देवीची ओटी चुकवू नगंस," एवढंच म्हणाली.

ओटी बाईच्याच हाताने भरायची, हा आमचा रिवाज. आईचं नाव गेल्यावर यादीत सगळे पुरुषच उरले. जंगलात शिरताच मी चुलतभावाशी कडाकडा भांडलो आणि तणतणत एकटाच पुढे निघालो. बैलबाजारात दलाली करून वर आलेला माणूस मी, पडतं घेणं ठाऊक नाही. तासाभराने पाहतो तर मागे कोणी नाही आणि पायाखाली वाटही नाही. दोघांच्या कवेत न मावणारी जुनी झाडं, मनगटाएवढे वेल, आणि समोर गव्याचं ताजं शेण. मी हात जोडले. देवीशीही मी आजवर सौदाच करत आलो होतो, अमुक दे मग तमुक वाहीन. तेव्हा मात्र बोली लावायला काही सुचेना. "आता तुझं तू बघ," म्हणालो आणि मुळावर बसलो.

थोड्या वेळाने झाडीतून खाकीतली एक बाई आली. वनरक्षक होती.

"कुठं निघालायसा? देऊळ मागं ऱ्हायलं की!"

मी सवयीने विचारलं, "बाई, पोचवायचं काय घेणार?"

"आवं, हितं बाजार भरलाय व्हय? चला गुमान!"

देवळाशी तिने बूट काढले, डोक्याला रुमाल बांधला, आईचं नाव विचारलं आणि त्या नावाने ओटी भरली. मला रडू आवरेना. ती नेमकी तिथे कशी आली, हे मी विचारलं नाही. हट्टाने चाललो तेवढी वाट चुकलो आणि हात टेकल्यावर पोचलो, एवढंच मला कळतं. त्या बाईचे उपकार फिटायचे नाहीत.

पण राग गेलेला नाही. पुढच्या खेपेला आईला मी पाठुंगळी घेऊन नेणार आहे. त्याआधी, चुलतभावा, तू वसाहतीत चारचौघांसमोर तिच्यापुढे उभा राहा आणि तिचं नाव का खोडलंस ते सांग.