भावाचं मत

कामोठ्यात आमच्या इमारतीखाली संध्याकाळी क्लासच्या मुलांच्या सायकली आणि रिक्षा यांचा इतका गलका असतो, की पर्समधला फोन वाजलेला कळत नाही. त्या दिवशी मी भाजीच्या गाडीपाशी उभी होते. फोन दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. पलीकडे काशिनाथ होते, यमुनाताईंचे धाकटे भाऊ. "बाई, ताई गेली," ते म्हणाले. "तुमाला आधी सांगतोय. पेपरवाल्यांना मागनं सांगीन." मी भाजीची पिशवी तिथेच ठेवली आणि समोरची रिक्षा थांबवून पनवेलला निघाले.

याला आता महिना होत आला. या महिन्यात यमुनाताईंवर पुष्कळ लिहून आलं. माजी आमदार, माजी नगराध्यक्षा, मिठागरातून विधानसभेत पोहोचलेली बाई... सगळं खरं आहे. पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही, कदाचित अशा वेळी ती लिहू नये असं वाटल्यामुळे. त्यांचं नगराध्यक्षपद ज्या मतामुळे गेलं, ते मत काशिनाथांचं होतं. मला मात्र यमुनाताई आठवतात त्या तिथूनच. काशिनाथांना मी विचारलं, लिहू का? ते म्हणाले, "लिवा. ती पण 'नाय' बोलली नसती."

आमची ओळख झाली ती शिक्षिका आणि विद्यार्थिनी म्हणून. मी लग्न होऊन पुण्याहून पनवेलला आले आणि मुलींच्या शाळेत मराठी शिकवू लागले. यमुनाताईंचं माहेर उरणच्या बाजूला, द्रोणागिरीच्या पायथ्याशी. जिथे आता गोदामं आणि कंटेनरच्या रांगा आहेत तिथे आपल्या वडिलांबरोबर त्या मिठागरात काम करीत. शिक्षण सातवीपर्यंत. पनवेलला सासरी आल्या, आणि काही वर्षांनी नगरपालिकेच्या निवडणुकीत त्यांचे यजमान उभे राहणार होते तो वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. यजमानांच्या जागी यमुनाताईंचं नाव गेलं आणि त्या निवडूनही आल्या. सगळ्यांची समजूत अशी, की सह्या त्या करतील आणि कारभार यजमान बघतील. निकालानंतरच्या आठवड्यात त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. "बाई, मला नुसती सही नाय करायची. वाचून सही करायची हाय."

मग वर्षभर, शाळा सुटल्यावर, माझ्या स्वयंपाकघरात आमची शिकवणी चालली. मी कणीक मळायची आणि त्या सभेचे ठराव मोठ्याने वाचायच्या. सरकारी मराठीवर त्यांचा राग होता. "उपरोक्त म्हणजे वरचं ना? मग वरचं असं का नाय लिहीत?" मी म्हणायची, तुम्ही अध्यक्ष व्हा आणि बदला. ते मी गमतीत म्हटलं होतं. पुढच्या निवडणुकीनंतर त्या खरोखरच नगराध्यक्ष झाल्या. तरीही त्या मला बाईच म्हणत राहिल्या आणि आमचं अहो-जाहो शेवटपर्यंत सुटलं नाही.

काशिनाथांना राजकारणात त्यांनीच आणलं. बापाच्या माघारी या भावाला त्यांनी वाढवलं होतं. लग्नानंतर त्यालाही पनवेलला आणून शिकवलं, धंद्याला लावलं. तो नगरसेवक झाला त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले ते स्वतःच्या वेळेपेक्षा जास्त. सभागृहात ताई खुर्चीवर आणि भाऊ समोरच्या बाकावर, हे गावाला कौतुकाचं होतं. भांडण उभं राहिलं ते तळ्यावरून. गावातल्या एका तळ्याची कड भरून घेऊन तिथे नवी भाजी मंडई बांधायची, असा प्रस्ताव त्यांच्याच पक्षाने आणला. यात कोणाचा काही लपलेला डाव होता असं मला आजही वाटत नाही. आसपासच्या खेड्यांतून बायका पहाटे टोपल्या घेऊन येत आणि रस्त्याच्या कडेला बसत. त्यांच्यात यमुनाताईंची आणि काशिनाथांची सख्खी मावशीही होती. एकदा एक टेम्पो मागे घेताना तिच्या पायावरून गेला. ती जन्मभर लंगडत चालली. काशिनाथांचं म्हणणं सरळ होतं, की गावात दुसरी मोकळी जागा नाही आणि बायकांना आज छप्पर हवं आहे. यमुनाताईंचं म्हणणंही तितकंच सरळ होतं. पावसाचं पाणी कुठेतरी साठायला हवं. तळं अर्धं झालं तर पाणी खालच्या आळीत घुसेल. मिठागरात वाढलेल्या माणसाला पाणी कुठे वळतं हे बघायची सवय असते, एवढंच त्या म्हणत. प्रस्ताव त्यांनी तीनदा परत पाठवला. शेवटी पक्षाने त्यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव आणला.

त्या सभेला मी प्रेक्षकांच्या बाकावर होते. त्यांनीच बोलावलं होतं. ठरावाला लागणारी संख्या ठराव आणणाऱ्यांकडे एकाने कमी आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. यमुनाताईंनी काशिनाथांना काही विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही काही सांगितलं नव्हतं. हात वर करायला सांगितलं गेलं. हात वर झाले... आणि क्षणभर थांबून काशिनाथांचाही झाला. सरळ, पूर्ण वर. मी यमुनाताईंकडे बघत होते. त्या भावाकडे बघत होत्या, लहान मूल काही धडपड करतं तेव्हा आपण बघतो तशा, पडेल की काय म्हणून. निकाल जाहीर झाल्यावर त्या उठल्या, सगळ्यांना नमस्कार केला आणि दाराशी काशिनाथांजवळ थांबल्या. "आय आलीय घरी. बोंबील आणलेत तिनं. जेवायला येतोयस ना?"

काशिनाथ जेवायला आले नाहीत.

मी त्यांच्याबरोबर रिक्षाने त्यांच्या घरी गेले. घरी पोहोचल्यावर पदर खोचून आईबरोबर बोंबील साफ करायला बसल्या आणि मध्येच हात थांबवून म्हणाल्या, "बाई, खुर्ची गेली त्याचं काय नाय. पण त्यानं मला आधी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, घाल मत." आई म्हातारी, तिला ठराव वगैरे काही कळत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "दोगंबी माजीच." त्या दिवसापासून काशिनाथांनी ताईच्या घरी यायचं सोडलं. भाऊबीजेला यमुनाताई ताट घेऊन त्यांच्या दारात जात. भावजय बसवून चहा करायची, ते मात्र घरी नसत. एके वर्षी मी सोबत गेले होते, तर मागच्या दाराने जाणारी त्यांची पाठ आम्हा दोघींना दिसली. यमुनाताईंनी चहा संपवला, ताट भावजयीच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "आल्यावर त्याला लाडू दे. दोनच दे, दात दुखतो त्याचा."

पदावरून काढलेल्या बाईबद्दल गावाला काय वाटलं ते पुढच्या विधानसभेला कळलं. पक्षाने तिकीट दिलं नाही, म्हणून त्या अपक्ष उभ्या राहिल्या. चिन्ह मिळालं कपबशी. प्रचाराला पैसा नव्हता, पण खाडीकाठच्या गावांतल्या बायका घरातल्या कपबशा हातात घेऊन आळीआळीतून फिरल्या. त्या निवडून आल्या. काशिनाथ पक्षाच्या उमेदवाराबरोबर होते, उघडपणे. विधानसभेत यमुनाताईंनी ज्या एका गोष्टीचा पाठपुरावा केला ती मिठागरातल्या मजुरांची. नव्या शहरासाठी आणि बंदरासाठी सरकारने ज्यांची शेतं घेतली त्यांना त्याचं काहीतरी मिळालं. पण ज्यांच्या नावावर कधी जमीनच नव्हती, नुसता घाम होता, त्यांना काय, हा प्रश्न त्या दर अधिवेशनात वेगवेगळ्या शब्दांत विचारत. उत्तर तपासून पाहू असं येई. काही घरांना टपरीच्या जागा मिळाल्या, बाकी राहिलं ते राहिलं. त्यांच्यावरच्या लेखांत याला मोठा लढा म्हटलं आहे. त्या स्वतः याला आपलं अपयश म्हणत. मंडई मात्र त्यांनी करून दाखवली, तळ्यापासून लांब, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. मावशीला उद्घाटनाला बसवलं. मावशी म्हणाली, "जरा लांबच पडली गो." त्यावर यमुनाताई सगळ्यांत मोठ्याने हसल्या.

आणि मग तो पाऊस आला. आमदारकीचं चौथं वर्ष असेल. दिवसभर कोसळला, भरती आणि पाऊस एकाच वेळी, आणि खालच्या आळीत पाणी शिरलं. तळं न बुजवताही शिरलं. माझ्या शाळेत लोकांची सोय करायची होती म्हणून मी तिथे गेले, तर यमुनाताई मांडीभर पाण्यात उभ्या राहून म्हाताऱ्या माणसांना हात देत होत्या. तेवढ्यात समोरून एक होडी आली. खाडीवरच्या कोळ्यांची, टेम्पोतून आणलेली. होडीत काशिनाथ. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "इकडं लाव," यमुनाताई म्हणाल्या, "आतल्या घरात बाळंतीण हाय." त्यांनी होडी लावली. मग संध्याकाळ होईपर्यंत दोघं बहीण-भाऊ घराघरातून माणसं काढत होते. बोलणं सगळं कामापुरतंच. याला धर, त्याला बसव, दोरी सैल कर.

शेवटचं कुटुंब शाळेत पोहोचल्यावर यमुनाताईंनी भावाच्या भिजलेल्या बाहीला धरलं आणि म्हणाल्या, "चल." ते गेले. मीही गेले, कारण माझ्या घराकडचा रस्ता बंद होता. भात आणि सुकटीचं कालवण होतं. काशिनाथांनी पहिला घास हातात घेतला आणि तो तसाच धरून म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी..."

"जेव आधी."

ते जेवले. हात धुऊन आले आणि पाटावर परत बसले. "मला अजूनपण वाटतं, मंडई तिथंच व्हायला हवी होती. आणि बघ, तळं ठेवूनपण पाणी आलंच."

"आलं," यमुनाताई म्हणाल्या. "तळं नसतं तर किती आलं असतं, ते तुला ठाऊक हाय?"

"नाय."

"मलापण नाय. तुला वाटतं ते तुला वाटू दे. मला सांगून वाटू दे, एवढंच."

काशिनाथ मग रडले. यमुनाताई उठल्या आणि डब्यातले लाडू काढून आणले.

पुढची निवडणूक त्या हरल्या. या वेळी काशिनाथ त्यांच्यासाठी फिरले, कोन गावापासून कामोठ्यापर्यंत. पण नव्या वसाहतींच्या सेक्टरांमधल्या माणसांना त्या ठाऊकच नव्हत्या, आणि जुन्या गावांची मतं पुरली नाहीत. मतमोजणी संपल्यावर त्यांनी विजयी उमेदवाराला हार घातला आणि मला म्हणाल्या, आता मी वरचं सोडून खालचं बघते. म्हणजे काय, ते पुढच्या पंधरा-वीस वर्षांत मी पाहिलं. पद नसताना त्यांच्याकडे येणारी माणसं कमी झाली नाहीत. रेशनकार्ड, शाळेतला प्रवेश, सासूचं भांडण, दवाखान्यातली ओळख... शेवटच्या दोन वर्षांत त्यांची किडनी साथ देईना, पाय सुजत, तरी सकाळी त्या पुढच्या खोलीत बसत.

परवा मी त्या घरी गेले. दिवसकार्य कधीच झालं होतं, मांडव उतरला होता. सकाळची वेळ होती आणि पुढच्या खोलीचं दार उघडं होतं. त्या खोलीत यमुनाताईंची एक रीत होती. आलेल्या माणसाला त्या कधीच काय काम आहे असं विचारत नसत. कोणत्या गावचा, कोणाचा, कोणाला मत दिलं, यातलंही काही नाही. पहिला प्रश्न एकच असे, चालत आलास का रिक्षाने? चालत आला असेल तर आधी पाणी, पंख्याखाली जागा, आणि धाप ओसरेपर्यंत त्याच्याशी इकडचं तिकडचं. मोठ्या गाडीतून आलेल्यालाही त्या हेच विचारत आणि तो गोंधळायचा.

खोलीत काशिनाथ बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. आम्ही काही बोलायच्या आत दारात एक बाई आली, पन्नाशीची, हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिला काही कळलेलं नव्हतं. "ताई हायत का?"

काशिनाथांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ताई नाय आता," ते म्हणाले. "मी तिचा भाऊ." बाई दारातच थबकली. परत फिरावं की आत यावं, तिला कळेना.

"चालत आलीस का रिक्षानं?" काशिनाथांनी विचारलं.

"चालत," ती म्हणाली.

ते उठले आणि पाणी आणायला आत गेले.