कांजिण्या आणि ओवीचा डावा पाय

"नस में थक्का है," सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवत डॉक्टर म्हणाल्या. माझ्या नऊ वर्षांच्या ओवीच्या डाव्या मांडीत रक्त गोठलं होतं. आम्ही तर कांजिण्यांच्या वाळलेल्या खपल्या पाहून निवांत झालो होतो.

आम्ही मूळचे अमरावतीकडचे, रायपुरात चौबे कॉलोनीत राहतो. मी घरी शिवणकाम करते. कांजिण्यांचा आठवा दिवस होता, ताप उतरला होता. आदल्या दिवशीच ओवी म्हणाली होती, "मम्मी, पैर दुख रहा है।" तिला मराठी कळतं, बोलते हिंदी.

मी म्हटलं, "नाटकं नको करू. पडून पडून आखडला असंन."

सकाळी हे ऑफिसला निघताना थबकले. "काहून लंगडून राहिली ही?"

पाहिलं तर पाय निळसर, गरम. शिवणाच्या टेपने पोटरी मोजली. उजवीपेक्षा दीड इंच जास्त. तडक दवाखाना गाठला.

डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, म्हणजे खोल नसेत रक्ताची गुठळी. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं, म्हणून लगेच भरती केलं. पण कांजिण्यांमुळे गुठळी? मला भीतीइतकंच नवल वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. प्रोटीन एस फारच कमी होतं. नको तिथे रक्त गोठू नये म्हणून राखण करणारं हे प्रथिन. कांजिण्यांशी लढायला शरीराने बनवलेल्या अँटीबॉडीज चुकून त्याच्यावरच उलटल्या होत्या. असं फार क्वचित होतं.

"उनको बताएगा कौन, कि गलत को मार रहे हैं?" ओवीने विचारलं.

डॉक्टर हसल्या. "कोई नहीं बेटा. कुछ हफ्तों में खुद ही भूल जाएंगे."

तोवर हेपरिन, गुठळी वाढू न देणारं इंजेक्शन. पोटावर, सकाळ-संध्याकाळ. नर्सदीदीकडून मी टोचायला शिकले.

बाहेर डॉक्टरांना म्हटलं, "तिनं आधीच सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

"ले तो आईं न," त्या एवढंच म्हणाल्या.

तीन महिन्यांनी प्रोटीन एस पूर्ववत झालं, गुठळी विरली, इंजेक्शन थांबलं.

बहुतेक मुलांच्या कांजिण्या येतात नि जातात. पण एकच पाय सुजला किंवा अंगावर जांभळे-काळे डाग पसरले, तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

आता ओवी दुखतं म्हणाली की मी मशीन थांबवते. कुठे, कधीपासून, कसं, सगळं विचारते. परवा पोट दुखत होतं. पाच मिनिटं मी विचारत राहिले. शेवटी ती पुटपुटली, "मम्मी, आज मैथ्स का टेस्ट है।"

मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!