फट न ठेवणारा सुतार

त्याला सगळे बूच म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे; पण त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. सुतार काय, ढिगानं सापडतात हो! पण ह्याने बसवलेलं दार लावलं, की चौकटीत साधा कागद शिरायचा नाही. चाळीस वर्षं एकच खूळ. फट दिसली की भुसा आणि सरस कालवून तिच्यात कोंबायचा, वरून पॉलिश मारायचं. पाहुणा म्हणून कुणाकडे गेला तरी खिडकीच्या कडेनं बोट फिरवत बसायचा. बायको वैतागायची, "अहो, आधी चहा प्या की! निवतोय."

अशा माणसाची एकुलती एक नात जन्मापासून खोकणारी. सहा वर्षांची पोर, अंगावर मूठभर मांस नाही. जरा गार वारं लागलं की तासतासभर खोकत राहायची. तो खोकला सुरू झाला की हा हातातलं काम टाकायचा. परसात जाऊन दोन्ही कान झाकून उभा राहायचा बिचारा. देवाघरचं बोलावणं आपल्याआधी तिला येईल, ही एकच भीती त्याला होती.

जावयाने टेकडीवरची एक जुनाट लाकडी खोली विकत घेतली. शनिवार-रविवार पोरीला मोकळी हवा मिळावी, एवढाच हेतू. तिथे आधी एक म्हातारा लाकूडतोड्या एकटाच राहायचा. फळ्यांच्या भिंती, वर पत्रा, आणि आत उभं राहिलं तरी केस उडतील असं वारं. बूच म्हणाला, "जावईबापू, तुम्ही बघाच आता. आत झुळूक शिरली तर मी सुतारकी सोडली!"

दोन महिने खपला. किडलेल्या फळ्या बदलल्या, नवी जमीन घातली, नातीसाठी शिडीचा माळा केला, खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या. छपराखाली, दोन्ही बाजूंच्या भिंतींत मुठीएवढी चार भोकं होती.

"कुण्या आळशाचं काम हे!" तो म्हणाला.

बायको डबा घेऊन आली होती. मान वर करून बघत राहिली. "मुद्दाम पाडलीयत हो ती. कडा बघा किती गोल तासल्यात. त्या म्हाताऱ्याला काहीतरी माहीत असणार."

"माहीत असतं तर थंडीत कुडकुडत राहिला असता का? तू डबा उघड."

त्याने सागाचे चार गुटके तासले, सरस लावला आणि हातोड्यानं ठोकून बसवले. मग मेणबत्ती पेटवून भिंतीभिंतीला धरत सगळी खोली फिरला. ज्योत जागची हलली नाही. गडी पोरासारखा हसला.

शेवटच्या दिवशी त्याने जावयाची कोळशाची शेगडी आत पेटवली आणि दार लावून पॉलिश करायला बसला. दोन महिने त्याच्याभोवती लोळणारं एक भटकं मांजर त्या दिवशी दार ओरबाडायला लागलं. ह्याने शिव्या घालत त्याला बाहेर सोडलं आणि दार पुन्हा लावलं. थोड्या वेळानं डोकं जड झालं, मळमळायला लागलं. बाहेर दगडावर येऊन बसला तेव्हा बरं वाटलं. घरी बायको म्हणाली, "तोंड का असं लालबुंद झालंय?"

"पॉलिशचा वास चढला," तो म्हणाला.

इथे तरी अक्कल यायला हवी होती. नाही आली. हात सोन्याचे असले म्हणून डोकंही सोन्याचं असतं असं थोडंच आहे!

पुढच्या रविवारी सकाळीच लेक, जावई आणि नात तिथे गेली. हा दुपारी जेवायला पोचणार होता. टेकडीवर धुकं होतं, हाडं गोठवणारी थंडी होती. दाराशी चपला होत्या, तिन्ही जोड. मांजर लांब कुंपणावर बसलेलं. ह्याने दार वाजवलं. उत्तर नाही.

"झोपले वाटतं! ऊब लागली ना," तो स्वतःशीच हसला आणि खिडकीला नाक लावलं.

मधोमध शेगडी लालभडक. लेक सतरंजीवर आडवी. जावई खुर्चीत, मान कलंडलेली, आणि तोंड लालबुंद.

ते तोंड बघितलं आणि ह्याला बायकोचे शब्द आठवले. मांजर, मळमळ, कोळशाचा विषारी वायू बाहेर जायला ठेवलेली छपराखालची भोकं, सगळं एका क्षणात समजलं. "पोरी! अगं पोरी!" म्हणत त्याने दाराला खांद्यानं धक्का दिला. दार हललं नाही. पुन्हा दिला. आतून कडी होती आणि चौकट त्याच्या हातची होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःच्या कामाला शिव्या घातल्या. दगड उचलून खिडकी फोडली, रक्ताळलेला हात आत घालून कडी काढली आणि श्वास रोखून आत घुसला. शेगडी लाथेनं बाहेर उडवली. लेकीला ओढून काढलं, मग जावयाला. दोघं कण्हायला लागली, जावई ओकला.

नात माळ्यावर होती.

तो शिडी चढून वर गेला. तिला खांद्यावर टाकून तो कसाबसा उतरला आणि ओल्या गवतावर तिला निजवलं. ओठ बंद, हात गार. त्याने तिचे गाल चोळले, छाती चोळली. लेक रांगत रांगत जवळ आली. "बाबा, ती बोलत का नाही? बाबा!"

"खोक," तो म्हणाला. "खोक गं बाळा. एकदा खोक. मीच तुला कोंडलं गं, ह्या माझ्या हातांनी. खोक ना!"

कितीतरी वेळ काहीच नाही. मग तिच्या गळ्यात घरघरलं, आणि पोर खोकली. एकदा, दोनदा, मग थांबेचना.

तासभर खोकत होती. तिला मांडीवर घेऊन तो ऐकत बसला. त्याने कान झाकले नाहीत.